देवूच्या नावाची बंदूक

खांबपाड्याच्या देवूने बंदूक निवडायला जेवढा वेळ लावला, तेवढा लग्नाआधी मला बघायलाही लावला नव्हता, असं त्याची बायको ललिता सांगते. सांगताना हसत मात्र नाही.

देवूच्या बापाकडे ठासणीची बंदूक होती. पाड्याची जमीन रानाला लागून. भात पोटरीला आलं, लोंबी धरू लागली की रानडुकरं उतरतात, म्हणून पीक राखायचं लायसन त्याला मिळालं होतं. एका पावसाळ्यात म्हाताऱ्याच्या बंदुकीतली दारू ओली झाली, बार उडालाच नाही आणि डुकराने त्याची मांडी फाडली. पुढे मरेपर्यंत तो काठी टेकत चालला. तो गेल्यावर लायसन वारसाने देवूकडे आलं.

देवू दापोड्याला केसरीनाथ शेठच्या गोदामावर वॉचमन होता. शेठ मानकोलीचा. वडलांच्या भातखाचरांवर गोदामं उभी राहिली, हातात पैसा आला आणि त्याला शिकारीचा नाद लागला. शिकारीला बंदी आहे हे त्याला चांगलं ठाऊक होतं. मारामारीच्या एका जुन्या केसमुळे त्याला स्वतःला लायसन मिळत नव्हतं, हेही.

एक दिवस तो देवूला म्हणाला, "तुझी ती ठासणीची जमा करून टाक. नवीन पंप अ‍ॅक्शन घेऊ. पैसे माझे, नाव तुझं. तुझं भात वाचंल. मी आपला कधीमधी बाटल्या फोडीन."

भात वाचेल, एवढंच देवूच्या डोक्यात बसलं. सरकारी सोपस्कार शेठच्या माणसांनी उरकले आणि दोघे ठाण्याला बंदुकीच्या दुकानात गेले.

शेठने आत शिरताच एक काळी, चकचकीत बंदूक उचलली. "हीच. बघ कशी दिसते!"

दुकानदार वयस्कर होता. लायसनवरचं नाव वाचून त्याने देवूलाच विचारलं, "कशाला हवीय?"

"डुकराला. आयत्या वेळी अडकली न्हाय पायजे."

दुकानदाराने चाचणीची खोटी काडतुसं काढली. नळीखालची मूठ मागे ओढली की रिकामं काडतूस बाहेर पडतं, पुढे ढकलली की नवं आत जातं, हे दाखवलं. मग म्हणाला, "दुकानात सगळ्याच चालतात. पण जनावर अंगावर आलं की माणूस मूठ घाबरून अर्धीच ओढतो, आणि तिथं अडकते. तू हळू ओढून बघ. अर्धी सोडून परत ओढून बघ."

काळ्या बंदुकीची मूठ एकाच पट्टीवर सरकत होती, हातात डगडगत होती. दुसऱ्याच ओढीला काडतूस आडवं बसलं. देवूने ती खाली ठेवली. मग एक लाकडी दस्त्याची, दिसायला अगदी साधी बंदूक घेतली. तिला दोन्ही बाजूंनी पट्ट्या होत्या. तो ओढत राहिला, ढकलत राहिला. खोटी काडतुसं टेबलावर टपटपत राहिली, एकही अडकलं नाही. खांद्याला लावून त्याने हात पुरतो का ते पाहिलं. घरी खोलून पुसता येते का, पावसात लाकूड फुगतं का, सुटे भाग इथं मिळतात का, सगळं विचारलं. शेठ दारात फोन चाळत कंटाळला होता.

"हीच द्या," देवू म्हणाला. बापाच्या हातात ही असती तर, असं त्याला वाटलं आणि डोळे भरून आले.

दुकानाबाहेर शेठने बंदूक आपल्या गाडीत ठेवली. "तुझ्या घराला धड कडी न्हाय. माझ्याकडं तिजोरी हाय. लागली की घेऊन जा."

देवूने गाडीचं दार लावून दिलं. शेठला नाही म्हणायची त्याला सवय नव्हती.

भात पोटरीला आलं आणि डुकरं उतरली. सकाळी बांधावर उभं राहून बघितलं तर खालचं खाचर नांगरल्यासारखं उकरलेलं. देवू तसाच शेठच्या फार्महाऊसवर गेला. ओट्यावर पाहुणे नाश्ता करत होते.

"शेठ, बंदूक द्या. डुकरं आलीत."

"आता न्हाय. पाहुणे खास शिकारीसाठी आलेत. पुढच्या आठवड्यात ये."

"तवर भात ऱ्हायचं न्हाय."

"मग डबे वाजव की! तुझा बाप काय करायचा?"

पाहुणे हसले. देवूच्या कानशिलांत रक्त चढलं. पण तो वळला आणि घरी येऊन खरंच डबे वाजवत बसला. त्या दिवशी तो ललितावर विनाकारण ओरडला, भाकरीचं ताट लोटून दिलं. राग कुणाचा आणि काढतोय कुणावर, हे त्यालाही कळत होतं.

त्याच आठवड्यात वनरक्षक माधवीबाई दारात आल्या. नाक्यावर शेठची गाडी अडवली होती. मागे बंदूक आणि गोणीत मारलेलं भेकर, लहानसं हरीण, सापडलं. मादी, पोटुशी. शेठने सांगितलं होतं, बंदूक देवूची, मारलं देवूने, मी तर ते चौकीवर आणून देत होतो.

चौकीत शेठ खुर्चीवर चहा पीत बसला होता. देवूला पाहताच उठून त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि हळूच म्हणाला, "डुकरावर झाडली, चुकून भेकराला लागली, असं म्हण. तुम्हा आदिवासी लोकांना माफ असतं. वकील मी देतो."

देवूने तो हात झटकला.

"कंचे लोक?" तो एवढ्या मोठ्याने ओरडला की बाहेरची माणसं दारात आली. "आमी डुकराशी भांडतो, पोटुशीला न्हाय मारत! माज्या बापाची मांडी फाटली, तरी त्याने असल्या जनावरावर बार न्हाय टाकला. बंदूक मी निवडली, माज्या भातासाठी! ती माज्या घरात एक दिस आली न्हाय. बाई, लिवा. सगलं लिवा!"

माधवीबाईंनी त्याला बसवलं. "देवू, विचार कर. आपल्या नावाची बंदूक दुसऱ्याच्या ताब्यात देणं हाही गुन्हा आहे. तुझं लायसन जाईल, तुझ्यावरही केस होईल."

"दिली ती माजी चूक. तीबी लिवा. पण मारलं ह्याने."

तसंच झालं. केस दोघांवर झाली. बंदूक जप्त, लायसन गेलं, गोदामावरची नोकरी त्याच दिवशी सुटली. देवूला कोठडी पाहावी लागली. तो जामिनावर सुटून आला तोवर ललिताने पाड्यातल्या बायका, कुत्री आणि पेटते टेंभे घेऊन वरचं खाचर राखलं होतं. खालचं गेलं.

पुढे शेठचा मॅनेजर मिठाई घेऊन पाड्यावर आला. जबाब दबावाखाली दिला असं लिहून दे, नोकरी परत मिळेल, म्हणाला. देवू काही बोलायच्या आत ललिताने मिठाईचा डबा मॅनेजरच्या हातात परत दिला.

"शेठला सांगा, माज्या नवऱ्याला तुमी कोठडी दाखवली. आता कसली नोकरी दाखवता?"

मॅनेजर म्हणाला, "तारखांना फिरून फिरून दमाल तुम्ही."

"दमू," देवू म्हणाला.

आता तो नारपोलीला कापडाच्या गाठी चढवतो. तारखेला हजेरी बुडते, तरी एकही चुकवत नाही. कोर्टाच्या व्हरांड्यात केसरीनाथ समोर आला की तो बाकावरून उठत नाही आणि नजरही हटवत नाही. परवा शेठने जवळ येऊन विचारलं, "अजून राग गेला न्हाय का रे?"

"न्हाय," देवू म्हणाला. "आणि जाऊ देनार न्हाय."