स्वयंपाकघरातला स्पीकर

गास गावच्या सिप्रियन लोपीसनं तीस वर्षं आजूबाजूच्या गावांतल्या लग्नांना लाउडस्पीकर पुरवले. त्याचा एकच कायदा होता: माईकपासून लांबचा आवाज म्हणजे कचरा. लग्नघरी बाया गाणी म्हणायला बसल्या की तो त्यांना दरडावून माईककडे सरकायला लावायचा. एखादी लाजून मागं राहिली तर तिचा आवाज आला काय नि न आला काय, त्याला त्याचं सोयरसुतक नव्हतं. असा हा कडक माणूस. पण त्याचा कायदा स्वतःच्या घरात चालत नसे, कारण घरात त्याची बायको क्लेमेंटीन होती.

घरी रोज संध्याकाळी सातला रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. तिची रीत अशी की ‘नमो मरिया’चा पहिला अर्धा भाग एकानं म्हणायचा आणि दुसरा अर्धा बाकीच्यांनी, असं पन्नास वेळा. पहिला अर्धा सिप्रियनचा, हॉलमधल्या अल्तारीसमोर, म्हणजे घरातल्या वेदीसमोर बसून. क्लेमेंटीन आत पाटावर बसून मासळी साफ करता करता तिथूनच उत्तर द्यायची.

“बाहेर ये गो, अल्तारीसमोर बस,” तो म्हणायचा.

“देव आतपन ऐकतो. कालवन उतू गेलं तर तो बघायला येनार हाय काय?” ती म्हणायची, आणि विषय तिथंच संपायचा.

दोन हजार तीन साली क्लेमेंटीन गेली. दुखणं कळलं आणि ती गेली, मधे जेमतेम महिना. मुलगा फ्लॉईड मस्कतला नोकरीला, त्यामुळे घरात सिप्रियन एकटा. लोक विचारायचे, करमतं का? तो म्हणायचा, न करमायला काय झालं? साफ खोटं. सातला तो रोझरी घेऊन बसायचा, पहिला अर्धा म्हणायचा आणि सवयीनं थांबायचा. आतून काही यायचं नाही. चार संध्याकाळी त्यानं हे सोसलं, पाचव्या दिवशी रोझरी डबीत घालून डबी कपाटात ठेवली.

पुढं फ्लॉईडनं त्याला कॉम्प्युटर घेऊन दिला आणि कॅसेटींवरची गाणी त्यात कशी चढवायची ते शिकवलं. म्हातारा कामाला लागला. लग्नांत भरलेल्या तीनशेच्या वर कॅसेटी होत्या, निम्म्यांना बुरशी धरलेली. दोन वर्षं खपून त्यानं त्या एकेक करून चढवल्या. प्रत्येकीतली खरखर, खोकले, कुजबूज तो एका ठरीव मापानं काढून टाकी. त्या मापाखालचा बारीक आवाज कॉम्प्युटर त्याच्या जागेसकट आपोआप उडवायचा. आपला जन्माचा कायदा यंत्रालाही कळतो, याचा त्याला केवढा आनंद!

आणि रिकाम्या झालेल्या कॅसेटी? त्या शेजारच्या फेबियननं नेल्या. भात तयार झालं की पाखरं तुटून पडतात. कॅसेटीची पट्टी काठ्यांना ताणून बांधली की ती वाऱ्यानं घूं घूं वाजते आणि पाखरं बिचकतात. “कॉम्प्युटरात गेलं म्हंजे अमर झालं. ने सगळ्या,” सिप्रियन त्याला म्हणाला होता.

त्या ढिगातली एक कॅसेट मात्र लग्नाची नव्हती. अठ्ठ्याण्णवच्या ऑक्टोबरात नवा माईक घरी आला तेव्हा तो तपासायला त्यानं अख्खी रोझरी भरून घेतली होती. ती त्यानं इतरांसारखीच चढवली, साफ केली आणि रिकामी कॅसेट फेबियनला दिली, पण ऐकली नाही. धीर झाला नाही. मग फोनवर फ्लॉईड म्हणाला की आता प्रत्येक खोलीत ठेवायचे बिनतारी स्पीकरचे डबे मिळतात. कॉम्प्युटर हॉलमध्येच राहतो आणि कुठल्या खोलीत काय वाजायचं ते तिथून ठरवता येतं. तेव्हापासून म्हाताऱ्याच्या डोक्यात एकच. रोझरी स्वयंपाकघरात लावायची, आपण हॉलमध्ये बसायचं आणि तिचं उत्तर आतून येऊ द्यायचं, जिथून ते यायचं तिथूनच. तेवढ्यासाठी ते ऐकणं त्यानं राखून ठेवलं, एखादं मूल शेवटच्या घासाला गोड राखतं तसं.

दोन हजार सातच्या ऑक्टोबरात फ्लॉईड रजेवर आला तो तीन डबे घेऊन. हॉलचा वाजला, ओटीवरचा वाजला, स्वयंपाकघरातला काही केल्या वाजेना. जुन्या घराच्या दीड हात जाड भिंती, बिनतारी लहर त्यातून जाते कुठली!

“मी बोललो नव्हतो? तारेबिगर काम नाय,” असं म्हणत सिप्रियन सत्तरीच्या वयात शिडीनं माळ्यावर चढला आणि तार ओढून खाली उतरला. मग अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला, कपाटातली डबी काढली. फ्लॉईडला हे सोंग कशासाठी ते कळेना.

सातला सिप्रियन अल्तारीसमोर बसला. “लाव.”

आतून त्याचाच आवाज आला. खणखणीत, नऊ वर्षांनी तरणा. पहिला अर्धा. लगेच पुन्हा पहिला अर्धा. पुन्हा पहिला अर्धा. मधे श्वासाइतकीसुद्धा जागा नाही.

“डॅडी, मम्मीचा आवाज कुठंय?”

सिप्रियन पांढराफटक पडला. माईक होता हॉलमध्ये, ती होती आत. माईकपासून लांब. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात तो हाच. पन्नासच्या पन्नास उत्तरं त्यानं कचरा म्हणून उडवली होती.

“बंद कर,” तो म्हणाला आणि चपला न घालताच फेबियनच्या शेताकडे निघाला.

बांधावरच्या खांबाच्या दिव्यात पिवळ्या भातावर पट्ट्या घुमत होत्या, या बांधापासून त्या बांधापर्यंत. यातली कुठली तिची? त्यानं एकीवर नख ओढलं. तपकिरी भुकटी नखाला लागली आणि पट्टी आरपार दिसायला लागली. पावसानं नि उन्हानं सगळं खाल्लं होतं. फेबियन धावत आला.

“सिप्रियनदादा, सगल्या गुंडालून देतो. आत्ता.”

“राहू दे. पाखरं खातील तुजं भात.” एवढं बोलून तो बांधावर बसला आणि लहान मुलासारखा रडला. फेबियन बाजूला बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सिप्रियन कॉम्प्युटरपाशी येऊन उभा राहिला. मग फ्लॉईडला म्हणाला, “मी कापलं त्या जागा परत घालता येतात काय? रिकाम्या? प्रत्येक वेळेला आठ सेकंद. तिला आठ लागायचे.”

फ्लॉईड कॉम्प्युटरपुढं बसला. न ऐकता, पडद्यावरची रेघ जिथं तुटत होती तिथं बघून त्यानं पन्नास वेळा आठ-आठ सेकंद घातले. सातला बापानं सांगितलं, “आता हॉलमध्ये लाव. आतला बंद ठेव, आत मी हाय.”

आणि तो स्वयंपाकघरात जाऊन क्लेमेंटीनच्या पाटावर बसला. हॉलमधून त्याच्या आवाजात पहिला अर्धा आला आणि थांबला. सिप्रियननं दुसरा म्हटला. जन्मात पहिल्यांदा. आधी अडखळला, मग लागली लय. इथून आपला आवाज किती लांबचा वाटतो, हे त्याला आज कळत होतं. एवढ्या लांबून ती वर्षानुवर्षं उत्तर देत होती, एकही मणी न चुकवता.

चाळिसाव्या मण्याचा पहिला अर्धा संपताच हॉलमधला आवाज प्रार्थना सोडून एकदम खेकसला, “क्लेमेंटीन! मोठ्यानं बोल गो, तुजा आवाज येत नाय!”

फ्लॉईड दचकून बंद करायला उठला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून बापाचा फाटलेला आवाज आला, घर भरून जाईल इतका मोठा. तो तिचा अर्धा भाग म्हणत होता.