आधी दोरा, मग उंबरा

चंद्राकाकींच्या घरात शिरायचं तर आधी उंबऱ्याबाहेर दोन्ही हात पसरून उभं राहावं लागायचं. काकी ओला तळवा येणाऱ्याच्या पाठीवरून, बाह्यांवरून, पार साडीच्या काठापर्यंत फिरवायच्या आणि अंगाला चिकटलेला एकेक दोरा काढून पत्र्याच्या डब्यात टाकायच्या. आमच्या कामतघर भागात घराखालीच पॉवरलूम खडखडत असताना माणसाच्या अंगावर दोरा नाही, असं होणं कठीणच. गॅसवाला असो की व्याही, सूट कुणालाच नव्हती. मी शाळेत शिकवायचे आणि त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचे. संध्याकाळी परतले की जिन्यातच हुकूम यायचा, “हात वर कर बाय.”

हे सगळं मोतीसाठी.

काकींना खरं तर कुत्रा हवा होता. काका गेल्यावर एवढ्या घरात त्या एकट्या, आणि जमीन विकत मागणाऱ्या दलालांची ये-जा सतत. त्यांचा भाचा निशांत ठाण्याला राहायचा. नोकरीसाठी परदेशी निघाला तेव्हा त्याने आपला मेन कून जातीचा बोका काकींकडे आणून सोडला. “मावशी, कुत्र्याएवढाच आहे,” म्हणाला. ते खोटं नव्हतं. बोका दारात आडवा पसरला की दार लागत नसे. मानेला आयाळ आणि शेपूट म्हणजे जळमटं काढायचा झाडू. काकींनी ‘कुत्र्यापासून सावध’ ही पाटी आधीच लावून घेतली होती. ती उतरवायचा प्रश्नच आला नाही. बोक्याचं नाव मोती ठेवलं.

मोतीची राखणदारी एकाच पद्धतीची. अनोळखी माणूस आला की त्याच्या पावलावर बसायचा आणि झोपून जायचा. मी एकदा हसले, तर काकी गंभीरपणे म्हणाल्या, “मानूस जागचा हालला का? न्हाय ना? मंग राखन झाली.”

उन्हाळ्यात शेजारच्यांनी सल्ला दिला, त्याचे केस भादरून टाका. काकींनी विचारलं, “मेंढी हाय का तो?” जनावरांच्या डॉक्टरांनीही भादरायला मनाई केली; रोज विंचरा, गुंता होऊ देऊ नका, एवढंच सांगितलं. मग रोज सकाळी आधी मोतीचं विंचरणं आणि मग काकींचा अंबाडा. गॅलरीतून तो चिमण्यांवर झेप घेईल म्हणून काकांचं खाडीतलं जुनं जाळं त्यांनी वरपासून खालपर्यंत ताणून बांधलं. “मासं धरायचं जालं, आता मासं खानाऱ्याला धरतं,” म्हणायच्या.

एका सकाळी काकींची हाक आली. मी खाली धावले. मोती खाटेखाली दबून बसला होता आणि त्याच्या शेपटीखालून पोपटी रंगाचा दोरा लोंबत होता. खालच्या लूमवरचा एक कामगारही आवाज ऐकून वर आला होता. त्याने वाकून पाहिलं आणि मदतीच्या भावनेने म्हणाला, “अम्मा, खींच दूँ?”

“हात लगाया तो तेरा हाथच खींचेगी मैं,” काकी म्हणाल्या.

कल्याणच्या डॉक्टरांना मी फोन लावला. दोरा ओढू नका, आत आतडं चुण्यांसारखं गोळा होऊन फाटतं, तसंच घेऊन या, असं ते म्हणाले. काकींनी मोतीला लुगड्यात गुंडाळून मांडीवर घेतलं. दोरा कशात अडकू नये म्हणून शेपूट वर धरून ठेवायचं काम माझ्याकडे आलं. रिक्षा कल्याण रोडवर एका कंटेनरच्या मागे अडकली. काकी मोतीला माझ्या हवाली करून खाली उतरल्या, ड्रायव्हरच्या खिडकीखाली उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “बाजू ले. मेरा पेशंट है.”

“पेशंट किधर है?” त्याने विचारलं.

काकींनी रिक्षाकडे बोट केलं. ड्रायव्हरला आत मी दिसले आणि मी हातात उभी धरलेली भली मोठी केसाळ शेपूट दिसली. कंटेनर बाजूला झाला.

ऑपरेशन होईपर्यंत काकी बाकावर बसून होत्या. एरवी तोंड मिटत नसे, त्या दिवशी एकच वाक्य बोलल्या, “काका गेले तवा मी पोचलीच न्हवती.” मी त्यांचा हात धरला.

मोती वाचला. निघालेला दोरा काकींनी डॉक्टरांकडून मागून घेतला आणि तडक खालच्या लूमवाल्या अन्सारीभाईंपुढे धरला. अन्सारीभाई त्यांचेच भाडेकरू. ते बिचारे म्हणाले, “काकी, लूम में धागा नहीं होगा तो क्या होगा?”

“बराबर बोललास,” काकी म्हणाल्या आणि घरी येऊन डबा घेऊन दारात बसल्या. त्या दिवसापासून झडती सुरू झाली. सगळ्यात जास्त झडती अन्सारीभाईंचीच व्हायची, कारण मोतीची तब्येत विचारायला ते रोज यायचे.

महिला मंडळाच्या कामाबद्दल काकींचा सत्कार करायला एक पुढारी घरी आले, तेव्हाही नियम बदलला नाही. त्यांच्या हातात लिलीचा गुच्छ होता. लिली मांजरांना विष, तिचा परागही पोटात जाता कामा नये, हे डॉक्टरांनी बजावलेलं. काकी म्हणाल्या, “फुलं भायेर.”

“बरं, हार तरी घ्या.”

“हाराला दोरा हाय.”

“शाल?”

“शालीला गोंडे हायत.”

शेवटी पुढाऱ्यांनी जिन्यात उभं राहून नुसता नमस्कार केला. त्या सत्काराचा एकच फोटो निघाला. त्यात ते दोन्ही हात पसरून उभे आहेत आणि काकी त्यांच्या काखेतला दोरा काढताहेत.

काही वर्षांनी निशांत कायमचा परत आला, मोतीला न्यायला गाडी घेऊन. मी घाबरतच खाली गेले. काकी शांत होत्या. “तुझाच हाय, ने,” म्हणाल्या. मोतीचा कंगवा, पाण्याचं पातेलं, सगळं त्यांनी बांधून ठेवलं होतं. मग स्वतःची पिशवीही गाडीत ठेवली आणि मोतीशेजारी जाऊन बसल्या. सासरी असलेल्या दोन्ही मुलींनी वर्षानुवर्षं विनवूनही या बाईने त्यांच्याकडे कधी एक रात्र काढली नव्हती. मी विचारलं तर म्हणाल्या, “दोन दिस जातंय. त्याला नव्या घरात रुलू दे.” घराची किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली.

दोन दिवसांचे कित्येक महिने झाले. परवा मी निशांतला फोन केला आणि मोती रुळला का, असं विचारलं.

“तो पहिल्याच संध्याकाळी फ्रिजवर चढून घोरत पडला,” निशांत म्हणाला.

“मग काकी?”

त्याने आवाज खाली आणला. “मावशी म्हणते, अजून रुळला नाही. आम्हीपण तसंच म्हणतो.”