मोरघारीची फळी

मला उचलणं हा आमच्या भागात पुण्य कमावण्याचा धंदा होता. लहानपणी तापात माझे पाय गेले, आणि तेव्हापासून जो तो बाह्या सरसावूनच पुढे येई. देवळात गेले, उचला. लग्नात गेले, उचला. मला विचारायचं कशाला? कापसाच्या गाठीला कोणी विचारतं का? मला उचलून आमच्या तालुक्यातल्या निम्म्या लोकांनी स्वर्गात जागा धरून ठेवल्या असतील.

मग आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शहाद्याच्या सुताराकडून सायकलची चाकं लावलेली खुर्ची करून घेतली. खुर्ची आली त्याच दिवशी मी जाहीर केलं, यापुढे मला कोणी उचलायचं नाही. जिथे खुर्ची जाईल तिथे मी जाईन, नाही गेली तर बाहेर बसेन. घरातले सगळे हसले. आबा हसले नाहीत, पण संध्याकाळी सवयीने मला उचलून जेवायला नेलंच.

एकोणीसशे साठचं दशक नुकतंच लागलं होतं. एका वादळात आमच्या केळीच्या बागेत मोरघार पडली. डोक्यावर तुरा, डोळे पिवळेजर्द, आणि एक पंख मोडलेला. आमचं घर असं की अंड्याचं नाव काढलं तरी माय चूळ भरायची. तरी बागेतले उंदीर मारून आणले जायचे आणि मी ते चिमट्याने भरवायचे. माय तेवढा वेळ पदर नाकाला लावून गोठ्यात जाऊन बसायची. महिनाभर माझं आणि मोरघारीचं बरं चाललं होतं. दोघींनाही कुठे जायचं नव्हतं!

मग एक साहेब आले. जंगलखात्यातून निवृत्त झालेले. तळोद्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी, एका जुन्या बंगल्यात ते जखमी घारी, ससाणे, गिधाडं सांभाळायचे. लोक त्याला घारींचा दवाखाना म्हणत. त्यांनी मोरघार नेली. मी रडले, तर म्हणाले, "रडू नकोस बाळ, केव्हाही ये बघायला. सर्वांसाठी खुलं आहे."

दिवाळीनंतर मी हट्टच धरला. घरच्या चांगल्या गाडीत खुर्ची मावेना, म्हणून खत वाहायची गाडी निघाली. आबांनी बैल हाकले, मी खताच्या वासात बसले. अंधारात निघालो ते दुपारी पोहोचलो. फाटकावर मोठ्या अक्षरांत पाटी होती, 'सर्वांसाठी खुले'. आत बंगला, आणि बंगल्याला हे एवढं उंच जोतं. एकेक पायरी अशी की धडधाकट माणसानेही गुडघ्यावर हात ठेवून चढावं. खुलं होतं, यात शंका नाही. आभाळही खुलंच असतं.

"त्यात काय एवढं!" साहेब म्हणाले आणि त्यांनी दोघा गड्यांना हाक मारली. गडी बाह्या सरसावत आले. आयतं पुण्य दारात आलेलं, सोडतात होय?

"मला उचलायचं नाही," मी म्हटलं.

"मग बाहेर बस हो. तुझे वडील बघून येतील आणि सांगतील तुला." केवढा समजूतदार माणूस!

आबा आत गेले. मी पायरीशी बसून राहिले. महिनाभर उंदीर मी भरवले होते, आणि आता मोरघार कशी आहे ते मला दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं. संतापाने डोळ्यांत पाणी आलं, ते गड्यांना दिसू नये म्हणून मी बैलांकडे तोंड केलं.

थोड्या वेळाने आबा आणि साहेब बाहेर आले. साहेब रंगात येऊन सांगत होते, "आता ती उडणार नाही. पण बसायला उंच जागा लागतेच तिला. आधी गडी हाताने उचलून ठेवायचे. तर बाईने अन्नच सोडलं! फार मानी पक्षी. मग मी जमिनीपासून तिरपी फळी लावून दिली. आता स्वतःच्या पायांनी चढते, आणि खाते कशी दणकून!"

"वा," मी म्हटलं. "आणि माणसांसाठी?"

साहेब हसले. "तू काय मोरघार आहेस का?"

आबा हसले नाहीत. ते साहेबांकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. म्हणाले, "साहेब, मन्ही पोर बी मानीच शे."

एवढंच बोलून ते गाडीकडे गेले. खत सांडू नये म्हणून बाजूंना लावलेल्या दोन लांब फळ्या त्यांनी उपसल्या आणि त्या झाडलोट केलेल्या पायऱ्यांवर शेजारी शेजारी आणून टाकल्या. शेणखताचे गोळे साहेबांच्या रांगोळीवर पडले.

"अहो, हे काय!" साहेब ओरडले.

"फळी शे," आबा म्हणाले.

मी चाकांना हात घातला. चढ उभा होता. अर्ध्यावर गेले आणि सर्रकन मागे आले. गडी धावले. "कोनी हात लावू नका!" आबा इतक्या मोठ्याने ओरडले की बैल दचकले. पुन्हा चढले, पुन्हा घसरले. तळहात सोलून निघाले, पण थांबते कोण! मागे वळून पाहिलं तर आबा फळीच्या टोकाशी उभे होते आणि त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले होते. माझ्या जन्मात मी त्यांना इतकं अवघड काम करताना पाहिलं नव्हतं.

शेवटी चढले. मोरघार आपल्या फळीच्या वरच्या टोकाला बसली होती. तिने मला एकदा पाहिलं आणि पाठ फिरवली. एवढे उंदीर खाऊन ही ओळख! मला तरीही फार आनंद झाला.

परत निघताना गाडीशी आलो. गाडी उंच, उजेड उतरलेला, फळ्या पुन्हा जागेवर बसलेल्या. आबा नेहमीसारखे वाकले आणि हात पुढे करता करता थांबले.

"उचलू का व?" त्यांनी विचारलं.

त्या दिवसापर्यंत मला हे कोणीच विचारलं नव्हतं. मी हो म्हटलं.