द्रव सापडला नाही

माणसांपेक्षा द्रवांवर अधिक विश्वास ठेवणारा गृहस्थ साऱ्या सोलापुरात एकच असावा, आणि तो शहरातल्या जुळे सोलापूर भागात नेमका आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतो. या काकांची उभी हयात साखर कारखान्याच्या बॉयलरवर गेली. निवृत्त झाल्यावर लोक देवाधर्माला लागतात. काकांनी सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. द्रवाचं नाव, तापमान आणि दाब घातला की तो किती जड, किती उष्णता धरणारा, किती दाट, हे सगळं क्षणात पडद्यावर. पाणी, अमोनिया, मळी, नाना तेलं, सगळ्यांची त्यात सोय होती. हाल होते ते आमचे. चहाला आले की काका कपात थर्मामीटर बुडवत आणि आकडा मनाजोगता उतरेपर्यंत आम्हालाही कप उचलू देत नसत. एकदा रसवंतीवाल्याला त्यांनी, "गार केला की रस दाट होतो की!" हे इतकं समजावलं, की तोवर ग्लासातला बर्फ वितळून रस पार पाणचट झाला.

काकू मैंदर्गी गावच्या. "अवो, त्यात माज्या हातची शेंगाची आमटी घाला की एकदा," म्हणत. काका नाव घालत आणि पडद्यावर उमटे, 'द्रव सापडला नाही'.

"आमटी हा शुद्ध द्रव नव्हेच," काका निकाल देत.

"मग वरपताय कशाला लई?"

गेल्या वर्षी काकूंना अर्धांगाचा झटका आला. बोलणं गेल्यातच जमा झालं, आणि पाण्याच्या घोटानंही ठसका लागू लागला. डॉक्टर म्हणाले, पातळ दिलंत तर श्वासनलिकेत जाईल, घट्ट दिलंत तर घशात अडकेल. बेताचं दाट द्या, नाही जमलं तर नाकातून नळी घालावी लागेल.

"बेताचं म्हणजे किती?" काकांनी विचारलं.

"चमच्यातून सावकाश पडेल इतकं."

एवढं मोठं सॉफ्टवेअर घरात असून काकांच्या हाती शेवटी चमचाच आला. शेंगदाण्याचं कूट गंधासारखं वाटायचं, गाळायचं, तांदळाचं पीठ लावायचं आणि चमचा तिरपा करून बघत बसायचं. आमटी जराशी निवली की दाटपणा बदले, की पुन्हा पहिल्यापासून. फसलेली सगळी आमटी आमच्याकडे येई. आम्ही ती भाकरीशी खात होतो, हसत होतो, आणि मला आतून फार भीती वाटत होती.

एका सकाळी मी तिथे असतानाच काकांनी काकूंच्या तोंडाशी चमचा नेला. काकूंनी घोट गिळला. आम्ही दोघं ठसक्याची वाट पाहत राहिलो. तो आलाच नाही. काकूंनी तोंड वेडंवाकडं केलं, शब्द शोधला आणि म्हणाल्या, "मीठ... न्हाय."

नळी टळली. सॉफ्टवेअरमध्ये आता शेंगाच्या आमटीचे आकडे येतात. मीठ मात्र काका रोज काकूंना विचारूनच घालतात. "हाय का आता?" "हाय," काकू म्हणतात, तेवढा शब्द त्यांना स्वच्छ येतो. काकूंना विचारण्याआधीच काढलेली वाटीभर आमटी अजूनही आमच्याकडे येते, त्यामुळे मला ठाऊक आहे, मीठ तेव्हाच बरोबर असतं. तरी काका पुन्हा विचारतात.