डिंभ्याच्या वर, कालच्या जेवणाच्या चौकशीला

मंचरच्या स्टँडवर लेक पाण्याची बाटली भरायला गेली आणि मी दोन वडापाव घेतले. रक्तात साखर निघाल्यापासून घरात मला वड्याचा वासही वर्ज्य आहे. त्यामुळे खांबाआड उभा राहून, तोंड भाजत, मी ते उरकले. नळाकडे पाठ राहील याची काळजी घेतली. तोंड कुणाकडे आहे ते मात्र पाहिलं नाही. समोरच्या बाकावर मांडीवर बोचकं घेतलेल्या एक बाई माझ्याकडे शांतपणे बघत होत्या. मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

केतकी, म्हणजे माझी लेक, पुण्याच्या सरकारी विद्यापीठात पोषण आणि आहारशास्त्र शिकते. शेवटच्या वर्षाच्या प्रबंधासाठी तिनं डोंगरातल्या बायकांचा रोजचा आहार हा विषय घेतलाय. कालपासून काय काय खाल्लं ते विचारायचं आणि किती खाल्लं ते वाट्या दाखवून ठरवायचं, असं काम. मागच्या खेपेला मैत्रिणीबरोबर ती एका वाडीत जाऊन आली, तर घरोघर एकच उत्तर: चपाती, भाजी, वरण, भात. तिच्या मार्गदर्शक बाईंनी कागद परत केले. "हा वाडीचा आहार आहे की खानावळीचं ताट?" पुन्हा तेच आलं तर प्रबंध पुढच्या सत्रावर, म्हणजे अख्खं सत्र पाण्यात. या वेळी मैत्रीण तापानं पडली, म्हणून वाट्यांची पिशवी उचलायला आमच्या पिंपळवंडीहून मी निघालो. आहाराच्या अभ्यासाला माझा एवढाच उपयोग, असं घरात एकमत होतं.

घोडेगाव सुटलं, शिनोली गेलं, तसे डोंगर जवळ सरकले. ऊस मागे राहिला आणि कापणी झालेली भातखाचरं दिसायला लागली. डिंभ्याला उतरलो. धरणाचं पाणी स्वच्छ, निळं. काठावर जाळी वाळत घातलेली.

"वरची गाडी कधी येते हो?" मी एका जाळीवाल्याला विचारलं.

"आली म्हंजी येती, भाऊ."

ती आली नाही. मासळीच्या रिकाम्या क्रेटांवर बसून एका टेम्पोतून आम्ही वर गेलो. वाडीत पोहोचेपर्यंत माझ्या सदऱ्याला येणाऱ्या वासानं दोन मांजरं मागे लागली होती.

केतकीनं ज्यांच्याकडे निरोप ठेवला होता, त्या ठकूबाईंच्या पडवीत बायका जमल्या होत्या. खुद्द ठकूबाई कोरा चहा घेऊन बाहेर आल्या. मंचरच्या बाकावरच्या त्या ह्याच, आमच्या आधीच्या गाडीनं वर पोहोचलेल्या. त्यांनी ओळख दाखवली नाही. मीही दाखवली नाही.

केतकीनं वाट्या मांडल्या आणि ठकूबाईंच्या सुनेला, मंदाला, विचारलं, "वहिनी, काल दिवसभरात काय काय खाल्लंत?"

"आमी? चपाती, भाजी. वरण-भात."

शेजारणीनं मान डोलावली. तिचंही तेच. केतकीचं पेन थांबलं. पडवीतल्या जात्याभोवती नाचणीचं लालसर पीठ सांडलेलं होतं. पाहुण्याला चपाती वाढतात, म्हणून पाहुण्याला चपातीच सांगतात, हे तिनं मला टेम्पोत समजावलं होतं. पण समोरच्या बाईला खोटं ठरवायचं नाही, हेही तिला वर्गात शिकवलंय.

"थांबा," ती म्हणाली, "आधी आमच्या बाबांचं लिहिते. बाबा, काल सकाळपासून आत्तापर्यंत काय खाल्लं?"

मी खाकरलो. सकाळी पोहे, दुपारी दोन चपात्या, मेथीची भाजी, रात्री मुगाचं वरण. आज निघताना अर्धी भाकरी आणि दोडका. ऐकताना मला माझाच आदर वाटला.

"मधे काही?"

"छे."

"आन् मंचराला," ठकूबाई कपबशा गोळा करता करता म्हणाल्या, "खांबामागं ते काय व्हतं, पावणं?"

पडवीतल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

"वडापाव," मी म्हणालो.

"दोन," ठकूबाई म्हणाल्या.

केतकीनं न हसता लिहिलं. "मिरची?"

"एक असेल."

"तीन. म्या समोरच व्हते की."

मग जे हसणं उसळलं, त्यात कोंबड्या उधळल्या. "लई गुणाचा बाप हाय गं तुजा!" कुणीतरी ओरडलं. मंदा पदरानं डोळे पुसत होती. पुसता पुसता म्हणाली, "ताई, मंग माजंबी खोड. चपाती न्हवती."

"मग काय होतं?"

"सकाळच्याला कोरा चा. दुपारी नाचणीची भाकर आन् माडगं (हुलग्याच्या पिठाची पातळ पेज). राती कोरड्यास (भाकरीबरोबरचं कालवण) पोरास्नी आन् ह्यांना पुरलं, माज्यापातुर न्हाई आलं. मंग भाकर चात बुडवली."

आज ऊन बरंय म्हणावं, इतक्या सहज तिनं ते सांगितलं. "आमचंबी खोड गं," शेजारीण म्हणाली. केतकी खोडत गेली, पुन्हा लिहीत गेली. भाकर केवढी, माडगं कुठल्या वाटीनं, हे ठरवताना बायका एकमेकींना खोटं पाडत होत्या. मी वाट्या पुसून देत होतो.

परतीच्या एसटीत केतकी शिनोलीपर्यंत कागद तपासत होती. मग एकदम म्हणाली, "बाबा, तीन मिरच्या?" आणि खिडकीला डोकं टेकून झोपली. मार्गदर्शक बाईंनी या वेळी कागद ठेवून घेतले, हे पुढच्या आठवड्यात कळलं.

परतलो त्याच संध्याकाळी जेवताना मी बायकोला सगळं सांगितलं, वड्यासकट. केतकीनं सांगण्यापेक्षा मी सांगितलेलं बरं. मिरच्यांपाशी बायको हसली. मंदाच्या भाकरीपाशी वाढता वाढता थांबली.

"आणि मी काल रात्री काय जेवले, ते सांगा बरं."

"आम्ही जेवलो तेच की."

"तुम्ही जेवलात ते मी वाढलं होतं," ती म्हणाली. "मी काय जेवले, ते विचारतेय."