नोंदवहीत ‘जाणार’ चालत नाही

तिला सगळे काळजिभी म्हणत. नाव तिला होतं, पण ते पगाराच्या कागदापुरतं. धुलाईच्या ज्या कारखान्यात दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी ढिगानं येऊन पडत, तिथं ती तेलवाली होती. हातात लांब चोचीची बुधली, कमरेला फडकं, खिशात जुना स्क्रूड्रायव्हर. कारखाना सुरू व्हायच्या आधी यायचं आणि फिरणाऱ्या प्रत्येक सांध्याला तेल पाजायचं. बावीस वर्षं हेच.

काळी जीभ तिला चिकटली ती आठ-नऊ वर्षांची असताना. विहिरीवरच्या रहाटाकडे बघून ती म्हणाली, “हा आज पडणार.” दुपारी रहाट धाडदिशी पाण्यात. गावानं तोंडात बोटं घातली आणि आईनं पाठीत धपाटा. पोरी, तुला कसं गं कळलं, असं काही कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, की खीळ झिजून काडीएवढी राहिली होती. ते दिसायला त्रिकालदर्शी व्हावं लागत नाही, मान वर करावी लागते. पण मान वर करायची म्हणजे मानेला त्रास. त्यापेक्षा पोरीची जीभ काळी ठरवलेली बरी.

लग्न होऊन आठ दिवस झाले नाहीत तोवर ती सासऱ्यांना म्हणाली, “मामंजी, त्या खुर्चीत बसू नका, पाय निखळलाय.” मामंजी मुद्दाम बसले. नव्या सुनेचं ऐकायचं म्हणजे काय! उठले ते दोघांच्या खांद्यांवरून. खुर्ची सुताराकडे गेली आणि दोष सुनेच्या जिभेकडे. ही बातमी गल्लीच्या टोकापर्यंत पोचवली धाकट्या नणंदेनं. वन्संचं तोंड म्हणजे बिनपगारी दवंडी. पुढं वन्संवर कमवायची पाळी आली तेव्हा त्यांच्यासाठी शब्द टाकला तो याच काळ्या जिभेनं, आणि तो चालला. वन्सं कारखान्यात ओल्या चादरी गरगरा फिरवून पिळणाऱ्या पिंपावर लागल्या. उपकार फेडायचा म्हणून वहिनी बुधली घेऊन जवळ आली की त्या दोन्ही कानांवर हात ठेवत.

आता भविष्यावर कारखान्याचा राग होता म्हणावं, तर तसंही नाही. हजेरी मांडणारा कारकून जेवणाच्या सुट्टीत हात बघायचा आणि त्याला सगळे होरापंडित म्हणायचे, तेही आदरानं. “योग आहे,” तो म्हणायचा. “संभवतो.” “मन थोडं अस्वस्थ राहील, पण शेवट गोड.” ह्याचं भाकीत म्हणजे इलॅस्टिकची चड्डी, कुणाच्याही कमरेला बसावी. एकीला म्हणाला प्रवासाचा योग आहे. ती घरी जाताना चुकीच्या बसमध्ये चढली, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या पाया पडायला आली! तेलवालीला हसूही यायचं नाही.

त्या सोमवारी सकाळी तिनं नेहमीसारखं स्क्रूड्रायव्हरचं टोक पिंपाच्या बेअरिंगवर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. वन्संनी पिंप रिकामंच फिरवून दाखवलं. आत गुणगुण हवी, तिथं कुणी वाळू चावत होतं. थांबवून तिनं बोट घातलं. ग्रीसमध्ये लोखंडाची चमचमती भुकटी. ओल्या चादरींनी भरलेलं ते पिंप मिनिटाला हजारदा फिरायचं, आणि बेअरिंग तुटलं तर ते जागेवर बसून राहणार नव्हतं. त्याच्यापासून दोन हातांवर दिवसभर वन्सं उभ्या.

“वन्सं, आज घड्यांच्या टेबलावर जा. हे सुटणार.”

“शुभ बोल गं सकाळी सकाळी!” वन्सं कडाडल्या. “परवाच पंडितांनी हात बघितला माझा. यंत्रापासून लाभ संभवतो म्हणाले.”

“यंत्र म्हणजे त्यांचं मनगटी घड्याळ असेल. याच्यापासून कपाळमोक्ष आहे.”

“कळतंय मला. माझी जागा कुणाला द्यायचीय ते सांग!”

तिनं नाद सोडला आणि तडक बिघाडाच्या नोंदवहीत लिहिलं: ‘पिळणाऱ्या पिंपाचं बेअरिंग जाणार.’ दहा मिनिटांत साहेबांचं बोलावणं आलं. साहेबांनी ‘जाणार’ या शब्दाखाली लाल रेघ ओढली होती, शाळामास्तर ओढतात तशी.

“हे काय आहे?”

“बेअरिंग आहे, साहेब. दोन-तीन दिवसांत तुटेल.”

“तुटेल! ही बिघाडाची वही आहे. झालं ते लिहायचं. हिच्यात भविष्यकाळ चालत नाही. भविष्य सांगायचं असेल तर जेवणाच्या सुट्टीत होरापंडितांच्या शेजारी बस.”

“म्हणजे तुटल्यावर लिहू?”

“तुटल्यावर लिही. तेव्हा बघू.”

“आणि वन्सं तिथं उभ्या असल्या तर?”

“शुभ बोल जरा,” साहेब म्हणाले.

खोलीतून बाहेर पडताना तिच्या मनात आलं, माणसं खरंच थोर. सगळ्यांना एकच शब्द येतो, शुभ, आणि तो शिवीसारखा वापरतात. भिंतीवर नियमांचा फलक होता, खाली साहेबांचीच सही: ‘बिघाडाची नोंद होताच यंत्र बंद करावे. बाहेरच्या फिटरची सही झाल्याशिवाय चालू करू नये.’ बावीस वर्षं ती फलकाखालून जात होती. आज थांबून वाचला. मग परत वहीकडे गेली, ‘जाणार’ खोडलं आणि शेजारी लिहिलं, ‘गेलं.’

एवढंच. एका क्रियापदाचा काळ बदलला आणि पिंपाला कुलूप लागलं. साहेब लालबुंद झाले, पण फलकावर सही त्यांची होती. वन्संना घड्यांच्या टेबलावर पाठवलं. तिथून त्या दोन दिवस भावजयीच्या नावानं बोटं मोडत होत्या. ओल्या चादरी साचल्या, कामं तुंबली, जो तो येता-जाता तेलवालीला टोमणा मारू लागला. होरापंडितानं तिच्याकडे बघून मान हलवली. “वाणीचा दोष. शांत राहण्याचा योग नाही.”

तिसऱ्या दिवशी फिटर आला. त्यानं बेअरिंग उघडलं आणि तळहातावर उपडं केलं. गोळ्या कसल्या, चुरा पडला. आतल्या कड्याला तडा, त्यात नख जाईल एवढा.

“अजून फार तर एक दिवस निघाला असता,” तो म्हणाला. “कुणाच्या लक्षात आलं?”

साहेबांना भलताच मुद्दा सापडला होता. “एक दिवस निघाला असता? म्हणजे सोमवारी गेलं नव्हतं!”

“नव्हतं,” तेलवाली म्हणाली.

“मग ‘गेलं’ का लिहिलंस?”

“‘जाणार’ला जागा कुठं होती?”

फिटर खोकल्यासारखं करून हसला. साहेब हसले नाहीत. संध्याकाळी तिच्या हातात कागद पडला. खोटी नोंद केल्याबद्दल ताकीद, ‘पुन्हा असे घडल्यास कामावरून काढले जाईल.’ तिनं कागद शेवटपर्यंत वाचला, सही केली आणि विचारलं, “साहेब, हे ‘जाईल’ चालतं का तुमच्या कागदात?”

साहेबांनी टोपण लावून पेन खिशात घातलं.

नवं बेअरिंग बसलं, पिंप फिरू लागलं. कारखान्याला हायसं वाटलं आणि लगेच शहाणपणही सुचलं. सुटणार म्हणाली होती, सुटलं का? काही नाही! काळजिभीची जीभ बोथट झाली, असा निकाल जेवणाच्या सुट्टीत लागला. होरापंडित म्हणाला, संकट टळण्याचा योग त्याला आधीच दिसला होता. दोघीतिघींनी त्याच्यापुढं पुन्हा हात पसरले.

वन्सं आपल्या जागेवर परतल्या होत्या, दोन हातांवर. “वहिनी, या वेळी खोटी पडलीस हं,” त्या म्हणाल्या. आवाजात गोडवा होता, हरलेल्याशी बोलताना येतो तो.

“हो ना. फार खपावं लागलं त्यासाठी.”

वन्संना ते कळलं नाही. तेलवालीनं स्क्रूड्रायव्हर टेकवला, मूठ कानाला लावली. आत एकसुरी गुणगुण, तेल प्यालेल्या लोखंडाची. वन्सं तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या.

“काय गं, काय म्हणतंय?”

एवढ्या वर्षांत हे विचारलेलं तिनं पहिल्यांदा ऐकलं. तिला बरं वाटलं. म्हणून ती खरं बोलली, “झकास आहे. पाच वर्षं काही होणार नाही.”

वन्संचा चेहरा पांढरा पडला. दोन्ही हात कानांवर गेले आणि त्यांनी घड्यांच्या टेबलापर्यंत ऐकू जाईल अशी हाक दिली, “अगं बायांनो, ऐकलंत का! पाच वर्षांनी काहीतरी होणार म्हणते!”