लिफ्टमध्ये ऐकलेले सिनेमे

लहरीपुऱ्यातल्या एका जुन्या इमारतीत, दोन मजल्यांच्या मध्येच लिफ्ट बंद पडली आणि दिवाही गेला. आत मी आणि एक साठीचे अनोळखी गृहस्थ होतो. बंद जागेत माझा जीव गुदमरतो. “अहो, कुणी आहे का?” म्हणत मी दारावर मुठी आपटू लागलो.

“गभरावू नका भाई,” ते गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाले. “लहानपणी डभोईला मी एक सिनेमा अकरा वेळा पाहिला होता. ऐका.”

घोडा दौडला की ते मांडीवर टापा वाजवत. दरोडेखोर आला की आवाज अगदी खाली नेत. तो सिनेमा संपल्यावर त्यांनी लगेच दुसरा सुरू केला. माझी धाप कधी थांबली ते कळलंच नाही.

पाऊण तासाने दार उघडलं. उजेडात पाहिलं, तर त्यांचा सदरा घामाने चिंब झाला होता आणि लिफ्टमधली दांडी धरलेला एक हात सुटत नव्हता.

“तुम्हालाही भीती वाटत होती?”

“तुमच्याहून जास्त. पण आई म्हणायची, भीती वाटली की आवडता सिनेमा कुणाला तरी सांगायचा.”

त्यांची बोटं मी एकेक करून सोडवली. जिना उतरून रस्त्यावर येईपर्यंत त्यांनी माझं मनगट धरून ठेवलं होतं.